दुसऱ्याच्या अहवालावर सही नाही

मागच्या दिवाळीत धाकटे दीर पुण्याहून आले ते पिशवीत जुना प्लेस्टेशन फोर, टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र, घेऊनच. स्वतःसाठी त्यांनी नवा घेतला होता. जुना विकून असे किती येणार, त्यापेक्षा पुतण्याला देऊ, असा त्यांचा सरळ हिशेब. सोबत एकाच खेळाची डिस्क होती, नारुतो नावाच्या निन्जा पोराच्या जपानी कार्टून मालिकेवरचा 'नारुतो शिपुदेन: अल्टिमेट निन्जा स्टॉर्म फोर', तीही 'रोड टू बोरुतो' हा पुढचा भाग जोडलेली. माझ्या मुलाला, सोहमला, तेव्हा नुकती तेरा पूर्ण झाली होती. त्यानं ती डिस्क अशी छातीशी धरली की फराळाचं ताट पुढं आलं तरी सोडेना.

"काय आलंय रे एवढं?" सासूबाईंनी विचारलं.

"नारुतो, आजी!"

"नारू?" त्यांचा चेहरा उतरला. त्यांचं माहेर जतकडचं, पायऱ्यांच्या विहिरींचं. "पायातनं दोऱ्यासारखा निघायचा, काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढायला लागायचा, तो? त्याचा खेळ काढला?"

आम्ही सगळे हसलो. सोहमला कशाला हसतोय तेच कळेना. नारूचा रोग देशातून गेल्याचं २००० साली जाहीर झालं, हा जन्मला त्याच्या कितीतरी नंतर. तेव्हापासून आमच्या घरात त्या खेळाचं नाव 'नारू' पडलं ते पडलंच.

दीर म्हणाले, "वहिनी, काही काळजी करू नका, बारा प्लसचा आहे. कव्हरवरच लिहिलंय." नवरा म्हणाला, "मग झालं की. लाव रे." मी म्हणाले, आठ दिवस थांबा.

मी सांगलीत सहकारी संस्थांची लेखापरीक्षणं करते. पतसंस्था, विकास सोसायट्या, एखादी पगारदारांची संस्था. ऑडिट झालं की संस्थेला वर्ग मिळतो, अ, ब, क, ड. सभासदाला एवढंच ठाऊक असतं की आपली संस्था 'अ' वर्गात आहे, आणि तेवढ्यावर तो निवृत्तीचे पैसे ठेवतो. 'अ' वर्गातली संस्था दोन वर्षांत कुलूप लागून बसलेली मी पाहिली आहे. वर्ग खोटा होता असं नाही. तो ज्या गोष्टी मोजून दिला होता त्या ठीकच होत्या, बिघाड न मोजलेल्या जागी होता. म्हणून कव्हरवरचा आकडा दाखवून कुणी मला 'झालं' म्हटलं, की माझा हात आपोआप वहीकडे जातो.

आधी तो आकडा कोण देतं ते पाहिलं. युरोपात पेगी नावाची व्यवस्था आहे, २००३ पासूनची. अमेरिकेत ईएसआरबी, १९९४ पासूनची. जपानमध्ये सेरो. आमच्या डिस्कवरचा १२ हा पेगीचा. त्याच खेळाला अमेरिकेत 'टी' मिळालाय, म्हणजे टीन, तेरा आणि पुढे. पेगीचं बाराचं कलम मी नीट वाचलं. माणसासारख्या दिसणाऱ्या पात्रांवरची मारामारी चालेल, पण ती खरी वाटता कामा नये. काल्पनिक प्राण्यांवरची थोडी अधिक ठळक असली तरी चालेल. त्याच्या वर सोळा. तिथं मारामारी खऱ्या आयुष्यातल्यासारखी दिसली तरी चालते.

आकडा ठरतो कसा, हे मला जास्त महत्त्वाचं वाटलं. डिस्कवर येणाऱ्या खेळांसाठी ईएसआरबीकडे प्रकाशक कंपनी एक प्रश्नावली भरून देते आणि खेळातले सगळ्यात तीव्र प्रसंग असलेलं चित्रीकरण सोबत जोडते. प्रशिक्षित परीक्षक ते बघतात आणि वर्ग देतात. अख्खा खेळ ते पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळत नाहीत. चाळीस-पन्नास तासांचे खेळ असतात, शक्यही नाही ते. फोनवरच्या खेळांचं तर आणखी सुटसुटीत. बनवणाऱ्यानं प्रश्नावली भरली की आयएआरसी नावाची यंत्रणा उत्तरांवरून आकडा काढून देते, आणि तोच आपल्याला गुगल प्लेवर '१२+ साठी' असा दिसतो.

म्हणजे संस्थेनं स्वतः भरलेला तक्ता. तक्ता खोटा असतो असं मी म्हणत नाही, बहुतेकदा तो खराच असतो. पण तक्ता म्हणजे मोजलेली रोख शिल्लक नव्हे. शिल्लक मी स्वतः तिजोरी उघडून मोजते.

आपल्याकडे तर तक्ताही नाही. सिनेमाला सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र आहे, २०२४ पासून त्यात यूए ७+, १३+, १६+ असे पोटभागही झालेत. ओटीटीवरच्या मालिकांना २०२१ च्या नियमांप्रमाणे वयाचा शिक्का लागतो. डिस्कवरच्या खेळाला असा सक्तीचा देशी शिक्का नाही. २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला तो मुख्यतः पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी घालणारा. तेरा वर्षांच्या पोरानं काय खेळावं, हे ठरवायला सांगलीत शेवटी उरतात आईबाप. आणि त्यातला बाप तर 'लाव रे' म्हणून मोकळा झालेला.

पुढचे दोन दिवस रात्री खेळाची चित्रीकरणं पाहिली. लोक संपूर्ण खेळ खेळून त्याचे व्हिडिओ टाकतात, त्यामुळे सोय होते. पण त्यात एक अडचण जाणवली. बघताना मी प्रेक्षक होते. मालिका बघावी तसं बघत होते आणि मालिका बघून पोरगं काय करणार ते मला माहीत आहे, कारण नारुतो सोहमनं टीव्हीवर हिंदीत कधीपासून पाहिलेलं. गोष्ट त्याला पाठ होती. गोष्टीत त्याच्यासाठी नवं काही नव्हतंच. नवं असणार होतं ते बटण त्याच्या हातात असणं. ते व्हिडिओ बघून कळत नाही.

तिसऱ्या रात्री सगळे झोपल्यावर मी स्वतः बसले. आवाज बारीक, मांडीवर वही, हातात तो कंट्रोलर. दिरांना फोन लावला. ते जागेच होते.

"वहिनी, गोल बटण म्हणजे मार. फुली म्हणजे उडी. त्रिकोण म्हणजे शक्ती भरायची. त्रिकोण दाबून गोल, की ठेवणीतला वार."

"आणि मागं सरायचं कसं?"

"मागं कशाला सरताय?"

खेळ सुरू होतो तोच जुन्या काळातल्या एका लढाईनं. हाशिरामा आणि मदारा, एके काळचे जिवलग दोस्त, दरीत समोरासमोर. मला वाटलं होतं रक्ताचा सडा असेल. रक्त आहे, पण फार थोडं. मार बसला की समोरचा पंधरा हात उडतो, भिंतीवर आदळतो आणि उठून परत येतो. विजा, आगीचे लोळ, पाण्याचे भोवरे, त्या गर्दीत माणूस दिसेनासाच होतो. 'खरी वाटता कामा नये' हे कलम म्हणजे काय ते तेव्हा समजलं. मार खाऊन पात्रांचे कपडे मात्र फाटतात, तेवढं वहीत लिहिलं. बायकांची काही पात्रं काढलीत ती काढणारे पुरुष असावेत अशीच, तेही लिहिलं. मूळ मालिकेत नारुतो बाईचं रूप घेऊन समोरच्याला गोंधळात टाकतो, हा विनोद मला तेव्हाही आवडला नव्हता. सोहमला त्यावर दोन शब्द बोलायचे, अशी खूण केली.

पहिल्या रात्री मी अकरा वेळा हरले. आणि बारा वाजता उठायचं ठरवलेलं, ते पावणेदोन वाजता उठले. हेही वहीत लिहिलं. तपासणारा स्वतःच किती वेळ बसला, ही नोंद त्या आठवड्यात सगळ्यात उपयोगी ठरली.

दुसऱ्या रात्री नारुतोच्या सोबत्याचा, नेजीचा, प्रसंग आला. या खेळातली गोष्ट बरीचशी स्थिर चित्रांतून सांगितलेली आहे. मालिकेतली चित्रं एकामागून एक येतात, मागून आवाज. खेळाची चिरफाड करणाऱ्यांना हे आवडलेलं नाही, आळशीपणा वाटतो. मला ते बरं वाटलं. थांबत थांबत पुस्तकाची पानं उलटावीत तसं होतं ते. नेजी चुलत बहिणीला आणि नारुतोला वाचवायला मध्ये पडतो आणि मरतो. मी कंट्रोलर खाली ठेवून पाणी प्यायला गेले.

सकाळी सोहमनं विचारलं, "आई, कुठपर्यंत आलीस?"

मी म्हटलं, "कशात?"

"टीव्हीचा इनपुट बदललेला असतो रोज." मग जरा थांबून म्हणाला, "नेजी झाला का?"

"झाला."

"मला आधी सांगायला पाहिजे होतं तुला."

मी त्याला सोसेल का ते तपासत होते आणि त्याला माझी काळजी. हे वहीत कुठल्या रकान्यात लिहावं ते कळलं नाही.

सगळ्यात जास्त वेळ मी अडले ते शेवटच्या लढाईवर. नारुतो आणि सासुके, पुन्हा त्याच दरीत. अख्ख्या खेळात समोर राक्षस होते, देवासारखे झालेले दुष्ट होते, दहा शेपट्यांचा अवाढव्य प्राणी होता. इथं समोर मित्र. दोघांची शक्ती संपत येते, ठेवणीतले वार संपतात आणि शेवटी नुसते गुद्दे उरतात. पडद्यावर बटणाची खूण येते, ती वेळेत दाबायची. दाबली की गुद्दा. मी एकदा मुद्दाम दाबली नाही. गोष्ट पुढं जाईना, परत तिथूनच. मार दिल्याशिवाय पुढं जाता येत नाही, अशी ती बांधणी. हिंसा किती दाखवली यापेक्षा ती कोण करतंय, हा प्रश्न मला तिथं पडला आणि कव्हरवरच्या बारामध्ये त्याचं उत्तर नव्हतं.

मी तो सोहमलाच विचारला. डिस्क अजून त्याला दिली नव्हती, तरी शेवटच्या लढाईबद्दल आम्ही जेवताना बोलायला लागलो होतो. म्हटलं, "मित्राला मारायची बटणं दाबताना कसं वाटेल रे तुला?"

"आई, ते दोघं मारताना रडत असतात. तू बटणांकडे बघत होतीस, त्यांच्याकडे बघितलंच नाहीस."

रात्री परत लावून बघितलं. त्याचं म्हणणं फारसं चुकीचं नव्हतं. आणि खूण पकडायच्या नादात मी खरोखरच तोंडांकडे पाहिलेलं नव्हतं. कथेत दोघांचाही एकेक हात जातो, आणि मग दोघं शेजारी पडून बोलतात. मासाशी किशिमोतो यांनी ही गोष्ट १९९९ ते २०१४ अशी पंधरा वर्षं एका साप्ताहिकात काढली, बहात्तर खंड झाले. ते साप्ताहिक 'शोनेन' म्हणजे वाढत्या वयाच्या मुलांसाठीचं. जन्मताच आईबाप गेलेलं, गावानं वाळीत टाकलेलं पोर, अशी सुरुवात असलेली गोष्ट जपानमध्ये त्या वयाला चालते आणि आम्ही इकडं गुद्दे मोजत बसतो, असं मनात येऊन गेलं. अर्थात गुद्दे मोजायचेच. पण एवढेच नाहीत.

आठव्या दिवशी डिस्क दिली. अट एकच घातली होती, पहिले तीन शनिवार-रविवार मी समोर सोफ्यावर बसणार. त्याला वाटलं मी खेळ बघणार. मी त्याला बघत होते. खेळताना खांदे कसे असतात. 'जेवायला ये' म्हटल्यावर कितव्या हाकेला उठतो. बंद केल्यावर पाच मिनिटांत काय करतो. वहीत वेळ टाकून लिहीत गेले. पहिल्या शनिवारी पाचवी हाक, रविवारी तिसरी. दुसऱ्या आठवड्यात त्यानं आपणच सांगितलं, "आई, मध्येच नको हाक मारू, ही फाइट संपली की सेव्ह होतं, तेव्हा मार." एक लढत चारपाच मिनिटांची असते. एवढं ऐकून घ्यायला काय हरकत आहे? कुकरच्या शिट्ट्याही आम्ही मोजूनच गॅस बंद करतो.

सासूबाई दुपारी पोथी बाजूला ठेवून बसायला लागल्या. त्यांना निन्जा, चक्र, कशात रस नव्हता. एकदा पडद्यावर नारुतोच्या आईबापांचं दृश्य होतं. त्या म्हणाल्या, "ह्याला आई नाही का रे?" सोहम म्हणाला, "नाही, आजी. जन्मला त्याच दिवशी गेली." "मग जेवायला कोण घालतं?" "त्याचे मास्तर. शेवयांसारखं असतं ते, रामेन." त्यावर त्या बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, "मास्तर चांगले आहेत."

नवऱ्याची काळजी वेगळी होती. आता तो 'लाव रे' वरून थेट 'व्यसन लागेल'वर आला होता. जागतिक आरोग्य संघटनेनं खेळाच्या विकाराची नोंद आपल्या यादीत केली आहे, ती २०२२ पासून लागू आहे, हे त्याला कुठूनतरी कळलेलं. मी ती व्याख्या काढून दाखवली. स्वतःवर ताबा न राहणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान होतंय हे दिसूनही चालू ठेवणं, आणि हे सहसा निदान बारा महिने चाललेलं असणं. तिसऱ्या हाकेला उठणारं पोर त्यात बसत नाही. "आणि तू आयपीएलचे दोन महिने कितव्या हाकेला उठतोस?" एवढं विचारलं आणि विषय संपला.

तिसऱ्या रविवारी मात्र गडबड झाली. मी स्वयंपाकघरात होते. दिवाणावर काहीतरी आपटल्याचा आवाज आला. बाहेर येऊन बघते तर कंट्रोलर दिवाणावर, सोहमचे कान लाल. तो गोष्ट सोडून ऑनलाइन लढतीत गेला होता. कुठल्याशा अनोळखी खेळाडूनं त्याला सलग सहा वेळा हरवलं आणि वर एक निरोप पाठवला. निरोप इंग्रजीत होता, चार शब्दांचा, त्यातले दोन आईवरचे.

अमेरिकी शिक्क्याच्या खाली बारीक अक्षरात एक ओळ असते, खेळाडूंचा आपसातला ऑनलाइन संवाद या वर्गवारीत धरलेला नाही. मी ती पहिल्याच दिवशी वाचली होती आणि वहीत उतरवलीही होती. उतरवून पुढं काही केलं नव्हतं. आमच्या भाषेत याला म्हणतात, दोष नोंदवला, दुरुस्ती अहवाल आला नाही.

पण ऑनलाइन गेलाच कसा? त्याला सभासदत्वाचे पैसे लागतात आणि आम्ही तर ते भरलेले नव्हते. शोधल्यावर उलगडा झाला. यंत्रावर दिरांचंच खातं चालू होतं. त्यांचं सभासदत्व, त्यांचं जन्मवर्ष, त्यांचं कार्ड. तेरा वर्षांचा मुलगा त्या यंत्राच्या लेखी छत्तीस वर्षांचा पुरुष होता. खातं काकाचं, व्यवहार पुतण्याचा. अशी खाती बाहेर काढण्यात माझी अर्धी नोकरी गेली आणि माझ्याच घरात, माझ्याच टीव्हीखाली तीन आठवडे एक चालू होतं.

दिरांना फोन केला. ते बिचारे ओशाळले. "माझ्या लक्षातच नाही आलं, वहिनी."

"माझ्या यायला पाहिजे होतं, भावजी. तुमचं नाही ते काम."

त्यांचं खातं काढलं. माझं नवं खातं उघडलं, त्याखाली सोहमचं खऱ्या जन्मतारखेचं. मग सेटिंगमध्ये कुटुंबाचा भाग असतो, त्यात मुलाच्या खात्याला वयाची पातळी, रोजची वेळ, खर्चाची मर्यादा आणि अनोळखींशी बोलणं चालू ठेवायचं की बंद, हे सगळं एकेक ठरवता येतं. खर्च शून्य. बोलणं बंद. वेळ शनिवार-रविवार दीड तास. अर्ध्या तासाचं काम. कव्हरवरचा आकडा वाचण्याआधी हेच करायला हवं होतं, पण सुरुवात चुकली ती चुकली.

आणि मग, खाती बघायचा हात बसला होताच, तेव्हा त्याचा फोनही मागितला. त्याचा म्हणजे माझा जुना. त्यात दीड वर्षापासून एक अ‍ॅनिमेसारखा, म्हणजे जपानी कार्टूनसारखा, दिसणारा फुकट खेळ होता. सुंदर डोंगर, सुंदर गवत, बासरीचं संगीत. मी कितीदा त्याच्या खांद्यावरून बघून 'छान आहे रे' म्हटलेलं. त्यालाही १२+. मारामारी नारुतोपेक्षा सौम्य. त्याची तपासणी करावी असं मला कधी वाटलंच नव्हतं, फुकट होता ना.

त्यात पात्रं विकत मिळत नाहीत, ओढून मिळतात. जपानमध्ये नाणं टाकून मूठ फिरवली की चेंडूत खेळणं पडतं, त्या यंत्रावरून याला 'गाचा' म्हणतात. कुठलं पडेल ते नशीब. हवं ते पात्र तीन आठवडेच मिळणार, असा घड्याळाचा काटा वर फिरत असतो. रोज हजेरी लावली तर थोडी रत्नं, एक दिवस चुकला तर ती गेली. याच गाचाचा एक प्रकार, ठरावीक पडलेल्या वस्तूंचा संच पुरा केला की मोठं बक्षीस, जपानच्या ग्राहक खात्यानं २०१२ मध्ये बेकायदा ठरवला, तेव्हा तिथल्या कंपन्यांनी तो बंद केला. बाकीचे प्रकार चालूच आहेत.

"पैसे घातलेस?"

"नाही. तुझं कार्डच नाहीये त्यात." ते मी तपासलं, खरं होतं. "पण रोज लॉगिन करतो. सकाळी. शाळेच्या आधी."

"रोज?"

"एक दिवस आजारी होतो तेव्हा वेदला पासवर्ड दिला होता, त्यानं केलं."

मी सोफ्यावर बसले. नारूसाठी मी वही घातली, रात्री जागवल्या, नेजीसाठी पाणी प्यायले. तो खेळ एकदा घेतला की घेतला, गोष्ट संपली की संपते. आणि तापानं फणफणलेलं पोर मित्राला पासवर्ड देऊन हजेरी लावायला लावतं, तो खेळ माझ्या खांद्यावरून 'छान आहे रे' म्हणवून गेला होता. कॅशबुक तपासायला जावं आणि फरक मुदत ठेवींत सापडावा, तसं झालं.

तो काढून टाकायला मी लावलं नाही. तशी एकदा इच्छा झाली होती, पण मग तो वेदच्या फोनवर खेळला असता. त्याऐवजी कागद घेतला आणि म्हटलं, तुला हवं ते पात्र नक्की मिळायला किती ओढी लागतात, एका ओढीला किती रत्नं आणि रोजची हजेरी किती देते, मांड. आठवीचा त्रैराशिकाचा हिशेब. त्यानं मांडला. उत्तर साडेपाच महिने आलं. तोंड वाकडं करून तो कागद घेऊन गेला. दोन आठवड्यांनी हजेरी बंद झाली होती. हिशेबामुळे की शाळेच्या परीक्षेमुळे, ते मी विचारलं नाही.

मध्ये एकदा वेदकडून आणखी एका खेळाची मागणी आली, 'अटॅक ऑन टायटन'वरच्या. सोहम म्हणाला, "तोही अ‍ॅनिमेच आहे, आई. सेमच." सेम नव्हता. त्याला अमेरिकेत 'एम' आहे, म्हणजे सतरा आणि पुढे. अवाढव्य नागडे देह माणसांना उचलून खातात आणि आपण त्यांच्या मानेमागे तलवार चालवायची. अर्ध्या तासाचं चित्रीकरण पाहिलं आणि नाही म्हटलं. या वेळी रात्री जागायची गरज पडली नाही. चिडला, दार आपटलं. दार आपटल्याची नोंद केली नाही.

नारूची मुख्य गोष्ट त्यानं फेब्रुवारीत संपवली. शेवटची लढाई त्यानं मला बोलावून घेऊन खेळली. या वेळी मी बटणांकडे बघितलं नाही. त्यानंही दोनदा चुकवली, तिसऱ्यांदा जमली. दोघं दरीत शेजारी पडले, तेव्हा सासूबाई आतून आल्या.

"संपलं का रे नारूचं?"

"मेन स्टोरी संपली, आजी. आता पुढचा भाग आहे. त्याच्या मुलाचा."

"लग्न झालं त्याचं?"

"हो. दोन मुलं आहेत. बोरुतो आणि लहान बहीण."

त्यांनी पोथी मिटली, खुर्ची पुढं ओढली आणि चष्मा पुसला.

"सांगायचं नाही होय आधी? लाव."

दीड तासातली बारा मिनिटं उरली होती. मी काही बोलले नाही.